नव्या मॅनेजरचे नऊ दिवस

इंग्लंडमधील एखादा नामांकित फुटबॉल क्लब ओळीने चार-पाच सामने हरला, की त्याच्या चाहत्यांत दोन प्रश्नांची चर्चा सुरू होते. मॅनेजर केव्हा जाणार आणि त्याच्या जागी कोण येणार? पहिला प्रश्न लवकरच मागे पडतो, कारण त्याचे उत्तर बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकलेले असते. दुसरा मात्र आठवडेच्या आठवडे पुरतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात तो म्हणजे मुख्य प्रशिक्षकच. संघ निवडणे व डावपेच ठरविणे ही त्याची कामे, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही त्याच्या शब्दाला वजन असते. त्यामुळे जय झाला तर तो त्याचा आणि पराजय झाला तर तोही त्याचाच, असा हिशेब सगळे जण बिनदिक्कत मांडतात. ही चर्चा आता मँचेस्टर-लिव्हरपूलच्या पबांपुरती राहिलेली नाही. पुण्या-नाशिकच्या महाविद्यालयांतील मुले शनिवार-रविवारच्या रात्री जागून हे सामने पाहतात, आणि सोमवारच्या पहिल्या तासाला मागणी-पुरवठ्याच्या आलेखापेक्षा त्यांना नव्या मॅनेजरच्या नावात अधिक रस असतो, हे शिकविणाऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे.

क्रिकेटचा संघ कसा निवडावा हे ज्या देशात प्रत्येक लोकलच्या डब्यात ठरते, त्या देशातील माणसाने अशा वादाला नाके मुरडण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो वादाला नव्हे, तर त्यात न बोलता गृहीत धरलेल्या एका गोष्टीला. ती अशी, की क्लबचे दैव एका माणसाच्या हाती असते, आणि तो माणूस बदलला की दैवही बदलते.

या समजुतीची परीक्षा पाहण्यासाठी मँचेस्टर युनायटेडइतके चांगले उदाहरण नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा मिळत नाही, पण या क्लबाने त्याच्यासाठी ती जवळजवळ उघडूनच दिली आहे. अलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये तेथे आले आणि मे २०१३ मध्ये तेराव्यांदा लीगचे विजेतेपद मिळवून निवृत्त झाले. त्यांच्या जागी डेव्हिड मॉयेस आले. एव्हर्टनसारखा बेताच्या ऐपतीचा क्लब त्यांनी अकरा वर्षे नेटका चालविला होता आणि खुद्द फर्ग्युसन यांनीच त्यांची शिफारस केली होती. करार सहा वर्षांचा होता. दहा महिन्यांत तो संपुष्टात आला. त्यानंतर आले लुई व्हान गाल. १९९५ मध्ये आयाक्सला युरोपचे विजेतेपद मिळवून देणारे हे डच गृहस्थ कडक शिस्तीचे. मे २०१६ मधील एका शनिवारी त्यांनी एफ. ए. कप जिंकला आणि सोमवारी त्यांची गच्छंती झाली. मग होझे मोरिन्यो. पोर्तो आणि इंटर मिलान अशा दोन क्लबांना युरोपचा मुकुट मिळवून दिलेल्या मोरिन्यो यांनी युनायटेडला २०१८ मध्ये लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनाही घरी पाठविण्यात आले. ‘बाहेरचे पुरे झाले, आता आपला माणूस आणा’ असे म्हणणाऱ्यांचे समाधान ओले गुनार सोल्शायर यांच्या नेमणुकीने झाले. १९९९ च्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिचविरुद्ध शेवटच्या घटकेला गोल करणारा हा खेळाडू. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून ४-१ असा पराभव झाल्यावर त्यांचीही कारकीर्द आटोपली. पुढे काही महिने राल्फ रांगनिक हे जर्मन तत्त्वचिंतक, मग आयाक्सचे एरिक टेन हाग, त्यांनी दोन चषक जिंकूनही ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना निरोप, आणि मग लिस्बनहून तरुण रुबेन अमोरिम. २०२४-२५ चा तो हंगाम संघाने पंधराव्या स्थानावर संपविला. १९७४ मध्ये हा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी होय.

एवढी नामावळी देण्याचे कारण असे, की चाहत्यांच्या वादात जे जे पक्ष असतात त्या साऱ्यांना येथे संधी मिळाली आहे. कष्टाळू होतकरू माणूस, नावाजलेला विजेता, घरचा माणूस, ग्रंथवाचक पंडित, परदेशातील नवी हवा, यांपैकी काहीही करून पाहावयाचे राहिलेले नाही. सहा वैद्य बदलले आणि रोगी उतरणीलाच लागला, तर सातवा वैद्य कोण हे विचारण्याआधी रोग्याचे खाणेपिणे कोण पाहतो, याची चौकशी करणे शहाणपणाचे नव्हे काय?

पण मग प्रत्येक नवा मॅनेजर आला की आरंभी संघ सुधारल्यासारखा का दिसतो? तो दिसतो हे खरे आहे, आणि चाहत्यांच्या श्रद्धेचे मूळ तेथेच आहे. सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये तात्पुरते म्हणून आले आणि पहिल्या एकोणीस सामन्यांपैकी चौदा जिंकून मोकळे झाले. पॅरिसमध्ये जाऊन संघाने जो विजय मिळविला तो तर चमत्कारच मानला गेला. मार्चअखेर त्यांना तीन वर्षांसाठी कायम करण्यात आले. त्यानंतर हंगामात दहा सामने उरले होते, त्यांपैकी संघाने जिंकले दोन. माणूस तोच, खेळाडू तेच, मैदानही तेच. आपल्याकडे याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात. संख्याशास्त्रात यालाच सरासरीकडे परतणे असे नाव आहे.

शिक्षक मंडळींना ही गोष्ट निराळी सांगावी लागू नये. चाचणी परीक्षेत जे विद्यार्थी अगदी तळाला जातात त्यांना बोलावून खडसावले, की पुढच्या परीक्षेत त्यांपैकी बऱ्याच जणांचे गुण वाढतात, आणि आपल्या खडसावण्याचे चीज झाले असे आपल्याला वाटते. वस्तुतः तळाला गेलेल्यांत काही जण त्या दिवशी आजारी होते, काहींनी वगळलेला धडाच नेमका विचारला गेला होता. दुर्दैव दोनदा तितक्याच जोराने सहसा येत नाही. न खडसावताही त्यांपैकी पुष्कळांचे गुण वाढलेच असते. फुटबॉलमध्ये तर दैवाचा वाटा फार मोठा. सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सरासरीने तीनच्या आसपास गोल होतात. त्यातला एक चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर निकाल फिरतो. मॅनेजर काढला जातो तो अशा दुर्दैवाच्या अगदी तळाशी. म्हणजे ज्या क्षणी सुधारणा होण्याचा संभव सर्वांत अधिक, त्याच क्षणी नवा माणूस येऊन उभा राहतो आणि श्रेय घेऊन जातो. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने आपल्या देशातील लीगच्या १९८६ ते २००४ या काळातील निकालांचा या दृष्टीने अभ्यास केला. ज्या क्लबांनी घसरणीनंतर मॅनेजर बदलला त्यांची कामगिरी सुधारली. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर ठेवला, त्यांचीही सुधारली. फरक सांगण्यासारखा नव्हता.

यावर जाणकार चाहता चेल्सीकडे बोट दाखवील, आणि ते अस्थानी नाही. मार्च २०१२ मध्ये चेल्सीने मॅनेजरला हटवून रॉबेर्तो दि मात्तेओ यांना तात्पुरते नेमले, आणि मे महिन्यात म्युनिचमध्ये क्लब युरोपचा विजेता झाला. जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांच्या जागी थॉमस टुखेल आले आणि चार महिन्यांत तीच गोष्ट पुन्हा घडली. दोन्ही वेळा खांदेपालट फळाला आली हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दि मात्तेओ यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आणि टुखेल यांना सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच क्लबाने दारही दाखविले. शिवाय या साऱ्या घालमेलीच्या पाठीशी रोमान अब्रामोविच या मालकाने स्वतः दिलेले सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज होते, जे त्यांनी कधी परत मागितले नाही. ज्याची तिजोरी एवढी खोल, त्याला चुका परवडतात. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की या द्वयाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे दाखवून दिले, की दीर्घ मुदतीचा विचार केला तर इंग्लिश क्लबांच्या क्रमांकांतील जवळजवळ नव्वद टक्के फरकाचा उलगडा खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या पगाराच्या आकड्यांवरून होतो. त्यांचे म्हणणे मान्य करूनही २०१६ चे लेस्टर उरतेच. त्या बेताच्या क्लबाला क्लॉडिओ रानिएरी यांनी लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. नऊ महिन्यांनी त्यांनाच काढून टाकण्यात आले, हा भाग वेगळा.

तेव्हा मॅनेजरला काही किंमतच नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. फर्ग्युसन यांच्यासारखी माणसे असतात. पण त्यांचे नाव या वादात ज्या रीतीने घेतले जाते तेही तपासून घ्यावयास हवे. ‘फर्ग्युसनना पहिली तीन वर्षे काहीच जिंकता आले नव्हते, म्हणून आताच्या माणसालाही वेळ द्या,’ हा संयमवाद्यांचा ठेवणीतला युक्तिवाद. यातील पूर्वार्ध खरा आहे. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ‘तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता निघा’ अशा आशयाचा फलक झळकला होता. तो हंगाम क्लबने तेराव्या स्थानावर संपविला, आणि १९९० चा एफ. ए. कप हाती लागला नसता तर पुढचा इतिहास कोणी लिहिला असता हे सांगवत नाही. पण यावरून संयमाचे फळ नेहमी गोडच असते असे अनुमान काढणे म्हणजे लॉटरी लागलेल्या एका माणसाला भेटून तिकीट घेणे हा किफायतशीर धंदा आहे असे ठरविण्यासारखे आहे. ज्यांना वेळ दिला आणि ज्यांनी तो वाया घालविला अशा मॅनेजरांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

संयम कोठे फळला हे पाहू गेल्यास असे दिसते, की तेथे नुसता माणूस टिकला नाही, तर त्याला नेमणाऱ्यांचा विचारही टिकला. आर्सेनलने मिकेल आर्तेता यांना डिसेंबर २०१९ मध्ये नेमले. पहिले दोन हंगाम संघ आठवा आला. चाहते खवळले होते. क्लबने त्यांना ठेवले, त्यांच्या पद्धतीला मानवतील असे तरुण खेळाडू आणले, आणि २०२३ पासून ओळीने तीन हंगाम संघ दुसरा आला. आपल्या शेजारी गोव्यात तर याहून जुना दाखला आहे. आर्मांदो कुलासो दशकाहून अधिक काळ धेंपो क्लबचे प्रशिक्षक होते आणि २००५ ते २०१२ या काळात त्यांच्या हाताखाली धेंपोने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पाच वेळा जिंकले. तेथे चालक तेच, धोरण तेच आणि प्रशिक्षकही तोच होता.

युनायटेडमध्ये नेमके उलट घडले. प्रत्येक मॅनेजरबरोबर खेळाची पद्धत बदलली आणि प्रत्येक पद्धतीबरोबर बाजारातली खरेदी. व्हान गाल यांच्यासाठी २०१४ मध्ये सुमारे सहा कोटी पौंड मोजून आंखेल दि मारिया यांना आणले. ब्रिटनमधील तो उच्चांक होता. एका वर्षाने त्यांना तोट्यात विकले. २०१६ मध्ये पॉल पोग्बा यांच्यासाठी ८ कोटी ९० लाख पौंड देऊन जगातला उच्चांक केला. हाच खेळाडू चार वर्षांपूर्वी याच क्लबातून फुकट गेला होता आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकटच गेला. टेन हाग यांच्या आग्रहाखातर आयाक्सहून अँटनी यांना सुमारे साडेनऊ कोटी युरो देऊन घेतले. तो सौदा कोणत्या भावाने वसूल झाला हे न बोललेलेच बरे. नव्या मास्तरांनी आल्याबरोबर आधीची क्रमिक पुस्तके रद्दीत घालावीत आणि नवा संच मागवावा, तसा हा कारभार. पुस्तकांचे पैसे देणारी संस्था एकच, आणि प्रत्येक वेळी सही करणारे हातही बहुधा तेच.

आता सहीचा विषय निघालाच आहे तर थोडा खर्चाचाही हिशेब पाहू. मोरिन्यो व त्यांच्या साहाय्यकांना घालविण्यासाठी क्लबला १ कोटी ९६ लाख पौंड मोजावे लागले. टेन हाग यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. जुलै २०२४ मध्ये क्लबने त्यांचा करार एका वर्षाने वाढविला, आणि चार महिन्यांच्या आत त्यांना काढले. त्यासाठी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना १ कोटी ४ लाख पौंड द्यावे लागले. अमोरिम यांना सोडविण्यासाठी लिस्बनच्या क्लबला दिलेले सुमारे १ कोटी १० लाख युरो निराळेच. ज्या जुलै महिन्यात हा करार वाढविला गेला त्याच महिन्यात क्लबच्या सुमारे २५० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा बेत जाहीर झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे जागा कमी करण्याचे ठरले, आणि काटकसर म्हणून उरलेल्या कर्मचाऱ्यांचे दुपारचे मोफत जेवण बंद करण्यात आले. हे कर्मचारी म्हणजे कारकून, हिशेबनीस, तिकीट खिडकीवरची माणसे. त्यांच्यापैकी कोणीही मॅनेजर निवडला नव्हता. हंगाम अर्ध्यावर असताना सभासदांच्या उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड करण्यात आला आणि लहान मुले व वृद्ध यांची सवलतही त्यातून काढून घेण्यात आली. चुकीच्या नेमणुकीची किंमत कोण देतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. नेमणूक करणाऱ्यांच्या नावाने ती कोठेही खर्ची पडत नाही.

येथे अल्बर्ट हर्शमन यांची आठवण येते. ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या १९७० च्या छोट्याशा पुस्तकात त्यांनी असे मांडले, की ज्या दुकानाचा माल बिघडला त्याच्या गिऱ्हाइकापुढे दोन मार्ग असतात. एक, दुसऱ्या दुकानात जाणे. दुसरा, तेथेच उभे राहून तक्रार करणे. निष्ठा जितकी घट्ट, तितका पहिला मार्ग अवघड. फुटबॉलचा चाहता हा या सिद्धांताचा अगदी शुद्ध नमुना म्हणावा लागेल. साबण बदलता येतो, वर्तमानपत्रही बदलता येते, पण बापाने ज्या स्टँडवर पहिल्यांदा नेले तो क्लब बदलता येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील मालकम ग्लेझर यांनी सुमारे ७९ कोटी पौंडांना युनायटेड विकत घेतला, आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग खुद्द क्लबच्याच डोक्यावर ठेवला. त्यापूर्वी हा क्लब कर्जमुक्त होता. त्या वेळी काही चाहते खरोखरच बाहेर पडले आणि त्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा सभासदांच्या मालकीचा वेगळा क्लब काढला. असे धैर्य थोड्यांचेच. उरलेल्यांपाशी तक्रार तेवढी राहते.

ही तक्रार कशावर खर्च होते? मार्च २०१४ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतले आणि मॉयेस यांना हटवा अशी पताका मैदानावरून फिरविली. महिन्याभरात मॉयेस गेले. मालक राहिले, कर्ज राहिले, खरेदीची रीतही राहिली. मालकांच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था कोणती? चाहत्यांचा राग साचला की एक माणूस त्यांच्या स्वाधीन करावा. नवे नाव आले की पुढचे सहा महिने आशेत जातात आणि तिकिटेही खपतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार.

चाहत्यांच्या आवाजात बळ नाही असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी आपली वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. युनायटेड त्यात अग्रभागी होता. इंग्लंडमधील चाहते रस्त्यावर आले आणि अवघ्या दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. पुढच्याच महिन्यात चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले व लिव्हरपूलशी व्हावयाचा सामना पुढे ढकलावा लागला. मैदानात घुसण्याचे समर्थन करण्याची गरज नाही, पण त्या आठवड्यांत चाहते कोण नेमावे हे सोडून नेमणारा कोण याविषयी बोलत होते, आणि त्यांचे ऐकणे भाग पडले. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. तेथेही मॅनेजर काढले जातात, वादही रंगतात. फरक एवढाच, की सभासदांना वार्षिक सभेत अध्यक्षाला उभे करून जाब विचारता येतो. युनायटेडचे समभाग २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मिळतात खरे, पण बाजारात मिळणाऱ्या समभागाला एक मत आणि मालक कुटुंबाकडील समभागाला दहा मते, अशी त्यांची वाटणी आहे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल क्लबांच्या कारभारावर देखरेख ठेवणारा कायदा संमत केला आणि त्यासाठी स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली. क्लबांची आर्थिक स्थिती, मालकांची पात्रता, मैदानाची विक्री हे विषय त्याच्या कक्षेत येतात. क्लबच्या बोधचिन्हासारख्या गोष्टींत चाहत्यांचे मत घेणेही त्याने बंधनकारक केले आहे. मॅनेजर कोण असावा हे त्या कायद्यात कोठेही नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या सभांत ताळेबंद मांडले जातील त्या सभांना चाहते किती संख्येने जातात, आणि तेथे गेल्यावर कर्जाच्या आकड्यांविषयी विचारतात की पुढच्या मॅनेजरचे नाव सुचवून परततात, हे आता दिसेल.